वल्हांडण सणासाठी ख्रिस्ती माणसाने मनाची तयारी नेमकी कशी करावी?

उंबरठा

सलाम. वल्हांडण सण (इस्राएल लोक मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, सुटले त्या रात्रीची आठवण) घरीच पाळायचा आहे. चार मोठी माणसं आणि दोन मुलं. मेज कसं मांडायचं याची माहिती कुठेही मिळते. अडतंय ते मनाच्या तयारीपाशी.

प्रभुभोजनाआधी माणसाने स्वतःची परीक्षा करावी, असं प्रेषित पौल लिहितो (१ करिंथ ११:२८). म्हणजे बसून नेमकं काय करायचं? दोन टोकं दिसतात. कुणी आदल्या संध्याकाळी पाच मिनिटं डोळे मिटतं आणि झाली परीक्षा म्हणतं. कुणी महिनाभर स्वतःला इतकं सोलून काढतं की शेवटी "मी लायक नाही" म्हणून भोजनालाच बसत नाही. दोन्ही बरोबर वाटत नाही, पण मधली वाट कशी धरायची ते कळत नाही.

शिवाय तीन गोष्टी विचारायच्या आहेत. किती दिवस आधी सुरुवात करावी आणि काय वाचावं? घरातलं खमीर (पीठ आंबवून फुगवणारं विरजण) खरोखर काढावं, की ते फक्त मनाबद्दलचं बोलणं आहे? आणि तारीख कोणती धरायची?

एजोबाची_जुडी

आधी ते "लायक नाही" मिटवू या, कारण सगळ्यात जास्त माणसं तिथेच अडखळतात. ११:२७ मधला मूळ ग्रीक शब्द "अनाक्सिओस" हे क्रियाविशेषण आहे. खाण्याची रीत अयोग्य, असं तो म्हणतो. खाणारा अयोग्य, असं नाही. मराठी शास्त्रातही (बायबलातही) "अयोग्य प्रकारे" असंच आलंय. ती रीत कोणती, ते २० ते २२ या वचनांत उघड लिहिलंय: एक जण आपलं जेवण आधीच उरकतो, दुसरा उपाशी राहतो, तिसरा झिंगतो, आणि ज्यांच्याकडे काही नाही त्यांना खाली मान घालायला लागते. आता २८वं वचन शेवटपर्यंत वाचा. परीक्षा करावी आणि मग भाकर खावी. परीक्षा करून खायचं की नाही ते ठरवावं, असं पौल म्हणतच नाही. या परीक्षेची वाट मेजाकडेच जाते.

निर्गम १२ मध्ये हेच दिसतं. महिन्याच्या दहाव्या दिवशी कोकरू निवडायचं, चौदाव्यापर्यंत राखायचं. एक वर्षाचा नर, आणि निर्दोष. दोष बघायचा तो कोकराचा. त्या रात्री दाराआड कोण किती भला आहे याची चौकशी झाली नाही. दाराच्या दोन्ही बाह्यांवर आणि कपाळपट्टीवर कोकराचं रक्त आहे का, एवढंच पाहिलं गेलं. रक्त दिसलं ते घर देव ओलांडून गेला; आपला "वल्हांडण" हा शब्दसुद्धा त्या ओलांडून जाण्याचाच आहे. पौल १ करिंथ ५:७ मध्ये हाच क्रम धरतो: जुनं खमीर काढून टाका, कारण तुम्ही बेखमीर आहातच, आणि आपल्या वल्हांडणाच्या यज्ञपशूचं, ख्रिस्ताचं, अर्पण झालेलं आहे. अर्पण आधी झालंय, झाडलोट त्यामुळे आहे. हा क्रम उलटा केला की तयारीतून गर्व तरी निघतो नाहीतर निराशा.

आता प्रत्यक्ष. चार आठवडे आधी सुरुवात करा. रोज एक अध्याय धरला तर २८ दिवस नीट बसतात. पहिले दोन दिवस १ करिंथ ५ आणि ११. मग पंधरा दिवस निर्गम १ ते १५; बाराव्या अध्यायाशी थांबू नका, समुद्र ओलांडून झालेलं गाणं पंधराव्यात आहे. मग सहा दिवस स्तोत्र ११३ ते ११८. सणाला गायची स्तोत्रं ती हीच, आणि भोजनानंतर येशू आणि शिष्य गीत गाऊन बाहेर पडले (मत्तय २६:३०) तेव्हा याच स्तोत्रांचा शेवटचा भाग गायला असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. शेवटचे पाच दिवस योहान १३ ते १७. यशया ५३ प्रत्यक्ष रात्रीसाठी राखून ठेवा.

परीक्षा मात्र रोज करू नका. रोज खरवडत बसलं की जखम भरत नाही, आणि खरं पाप संपलं की माणूस नसलेलं शोधायला लागतो. तीन बैठका पुरेत. पहिल्या तीन आठवड्यांत दर आठवड्याच्या शेवटी एक, प्रत्येकी अर्धा-पाऊण तास. सुरुवात स्तोत्र १३९:२३-२४ ने करा, म्हणजे शोधणारा देव आहे हे पक्कं राहील.

पहिली बैठक खमिराची. शास्त्रात खमीर एकाच प्रकारचं नाही. परुश्यांचं (परुशी आणि सदूकी हे येशूच्या काळचे यहुदी पंथ) खमीर म्हणजे ढोंग (लूक १२:१). मत्तय १६:१२ मध्ये ते परुशी आणि सदूकी यांची शिकवण आहे. करिंथात ते फुगण्याशी जोडलेलं आहे (५:२), आणि ते फुगणं मंडळीतलं उघड पाप चालवून घेण्याबद्दलचं होतं. म्हणून तीन प्रश्न. गेल्या महिन्यात आहे त्यापेक्षा चांगलं दिसावं म्हणून मी कुणासमोर काय बोललो? मी जे ठामपणे मानतो त्यातलं काय शास्त्र उघडून न बघता नुसतं ऐकून घेतलंय? कोणतं चुकीचं वागणं मला ठाऊक आहे, आणि त्यावर गप्प राहून मी स्वतःला मोठ्या मनाचा समजतोय?

उत्तर लिहून काढा, आणि नेमकं लिहा. "मी गर्विष्ठ आहे" हे पापकबुली नव्हे, ती चिठ्ठी आहे. कुठल्याही डब्यावर चिकटते. "मंगळवारी जेवताना धाकट्या भावाचं बोलणं तीनदा तोडलं, कारण त्याचं म्हणणं बरोबर होतं" ही कबुली. जे इतकं नेमकं लिहिता येत नाही ते तूर्त सोडून द्या.

दुसरी बैठक माणसांची. नावं लिहायची: कुणाची क्षमा मागायची, कुणाला क्षमा करायची, कुणाचं काय देणं आहे. पैशाचं देणं असेल तर रक्कम आणि परत कधी देणार ती तारीखही लिहा. ही बैठक दुसऱ्या आठवड्याअखेर ठेवायचं कारण एकच: माणसांशी बोलायला वेळ लागतो. शेवटच्या संध्याकाळी घाईत मागितलेली क्षमा समोरच्याला कळते, आपलं ओझं उतरवायला आलाय म्हणून.

तिसरी बैठक आपल्या मिसराची. निर्गम १३:८ मध्ये बाप मुलाला सांगतो, "मी मिसरातून निघालो तेव्हा परमेश्वराने माझ्यासाठी जे केलं त्यामुळे हे." पिढ्या उलटल्या तरी "मी" म्हणायचं. तेव्हा, मला कशातून सोडवलं हे एका पानात लिहा. बहुतेक जण ही बैठक गाळतात, आणि मग सणाच्या रात्री चेहरे सुतकी असतात. येशूने हे भोजन करायची उत्कट इच्छा धरली होती (लूक २२:१५). ती उत्कटता या तिसऱ्या बैठकीतून येते.

बैठका संपल्या की १ योहान १:९ वाचून पहिले दोन कागद जाळून टाका. त्यांत इतरांची नावं असतात. वही घरात पडून राहिली तर नवं भांडण उभं राहील. शेवटच्या आठवड्यात परीक्षा बंद. तेव्हा फक्त कोकराकडे बघायचं.

दहावी_तारीख

तारखेविषयी. इब्री दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे "१४ निसानची संध्याकाळ" म्हणजे दिवसाच्या सुरुवातीची की शेवटाची, हा जुना प्रश्न आहे (निसान हा इब्री पंचांगातला वल्हांडणाचा महिना; शास्त्रात त्याचे नाव अबीब असेही आहे). यहुदी कुटुंबे १४ संपून १५ लागते त्या रात्री भोजन करतात. जे ख्रिस्ती १४ तारीख पाळतात, त्यांच्यातले पुष्कळ जण १४ सुरू होते त्या संध्याकाळी प्रभूच्या मरणाचे स्मरण करतात, कारण येशू धरून दिला गेला ती रात्र ते हीच मानतात. २०२७ चे उदाहरण घ्या. १४ निसान मंगळवार, २० एप्रिलच्या सूर्यास्ताला लागेल आणि १५ निसान बुधवार, २१ एप्रिलच्या. ईस्टर मात्र २८ मार्चला आहे! जवळजवळ महिन्याचे अंतर. इब्री पंचांगात १९ वर्षांत ७ वेळा अधिक महिना येतो, म्हणून असे होते. २०२४ मध्येही झाले होते. तेव्हा "ईस्टरच्या आसपास असेल" असा अंदाज बांधू नका. आधी तारीख नक्की करा आणि तिथून २८ दिवस मागे मोजा.

कोणती संध्याकाळ धरायची हे घराने किंवा मंडळीने एकत्र ठरवावे आणि ठरल्यावर वाद थांबवावा. दुसऱ्या शतकात आशिया प्रांतातील (आजच्या तुर्कस्तानाच्या पश्चिम भागातील) मंडळ्या चौदावी तारीख पाळत आणि रोममध्ये रविवार पाळला जाई. त्याच आशियातल्या स्मुर्णा शहराचा बिशप पॉलीकार्प रोमला जाऊन तिथला बिशप अनिसेतस याला भेटला. दोघांचे एकमत झाले नाही, पण सहभागिता तुटली नाही. अनिसेतसने प्रभुभोजनाचा विधी चालवण्याचा मान पॉलीकार्पलाच दिला. पुढे १९० च्या सुमारास रोमचा बिशप व्हिक्टर याने आशियातल्या मंडळ्यांना तोडू पाहिले, तेव्हा ल्योंचा बिशप इरेनियस याने त्याला हीच आठवण करून दिली. ३२५ साली निकियाच्या परिषदेने रविवारच्या बाजूने निर्णय दिला. मी हे तयारीचाच भाग म्हणून सांगतो आहे. तारीख शोधता शोधता वेगळी तारीख पाळणाऱ्यांविषयी मनात तुच्छता शिरते, आणि तीही खमीरच. रोम १४:५-६ आणि कलस्सै २:१६-१७ त्या २८ दिवसांत कुठेतरी वाचून घ्या.

सेदरबद्दल (यहुदी कुटुंबांचे वल्हांडणाच्या रात्रीचे विधिवत भोजन) तुम्ही विचारलेले नाही, तरी तो विषय निघतोच. चार प्याले आणि ठरलेले प्रश्न असलेला सेदरचा क्रम आपल्याला प्रथम मिश्ना या यहुदी नियमग्रंथात मांडलेला दिसतो. तो ग्रंथ इ. स. २०० च्या सुमाराचा. यरुशलेमचे मंदिर ७० साली पडले, त्याच्या बऱ्याच नंतरचा. त्यामुळे "येशूने असाच सेदर केला" असे ठामपणे मुलांना शिकवू नका. शिवाय तो यहुदी लोकांचा आजही जिवंत असलेला सण आहे. त्यांनी बोलावले तर आदराने पाहुणे म्हणून जावे. त्यांच्या ताटातल्या एकेका वस्तूला आपला अर्थ चिकटवून ते आपले म्हणून मांडणे मला योग्य वाटत नाही. शुभवर्तमानांत जे स्पष्ट आहे ते पुरेसे आहे: पाय धुणे, भाकर, प्याला, वचन, स्तोत्र.

कुणी आजारी पडले किंवा प्रवासात अडकले तर गणना ९:९-११ पाहा. इस्राएलात अशांना दुसऱ्या महिन्याच्या चौदाव्या दिवशी सण पाळता येत असे. हुकलेल्याला देवाने मोकळीक ठेवली होती हे लक्षात असले की कुढणे थांबते.

कणीक_आणि_पाणी

खमिराचं सांगते. पौलाच्या काळी खमीर म्हणजे पुडीतली पावडर नव्हती. आज मळलेल्या कणकेतला एक गोळा बाजूला ठेवायचा, तो आंबायचा, उद्याच्या कणकेत घालायचा, त्यातून पुन्हा एक गोळा मागे. एकाच गोळ्याची साखळी महिनोन्‌महिने चालायची. सणाला जोडून येणारे बेखमीर भाकरीचे सात दिवस खमीर घराबाहेर काढलं की ती साखळी तुटते आणि सणानंतर सगळं नव्याने सुरू करावं लागतं. "जुनं खमीर" आणि "नवा गोळा" हे पौलाचे शब्द इथे अक्षरशः लागू पडतात. म्हणून पहिल्या बैठकीत वर सांगितलेल्या प्रश्नांबरोबर हेही विचारावं: हा राग, हा संशय, मी कालच्यातून आजच्यात किती दिवस कालवतोय? एखादी चूक कधी झाली ते आठवतं. मागे ठेवलेला गोळा मात्र सवयीचा झालेला असतो, दिसत नाही.

(खमीर म्हणजे नेहमी पापच, असं मात्र नाही. मत्तय १३:३३ मध्ये स्वर्गाचं राज्यच खमिरासारखं आहे. नसता कडकपणा टाळायला हे बरं.)

प्रत्यक्ष काढावं का? ख्रिस्ती माणसावर सक्ती नाही असं मी मानते, पण हाताने केलेलं मनात उतरतं, मुलांच्या तर फारच. काय काढायचं ते आधी ठरवा: यीस्ट, आंबवलेलं पीठ, ब्रेड, केक, यीस्ट घातलेली बिस्किटं. सोडा आणि बेकिंग पावडर यांवर मतभेद आहेत. यहुदी नियमात नुसता सोडा खमिरात मोडत नाही. पण हे दिवस पाळणारे पुष्कळ ख्रिस्ती तोही काढतात, कारण तोही पीठ फुगवतो. एक बाजू धरा आणि सातही दिवस तीच ठेवा.

काम सात दिवस आधी सुरू करावं, रोज एक खोली, स्वयंपाकघर शेवटी. टोस्टरचा खालचा ट्रे, पिठाच्या डब्याच्या कडा, सोफ्याच्या फटी, दप्तरांचे तळ, कोटाचे खिसे. कण सापडतात ते इथेच. दप्तर उलटं करून कागदावर झटकलं की मुलांना आपोआप कळतं: इथे काही नाही असं वाटत होतं, आणि एवढं निघालं.

बिघडतं ते असं. ही वार्षिक साफसफाई होऊन बसते, सगळी घरच्या बाईच्या अंगावर पडते, आणि ती त्या रात्री थकून, चिडून मेजावर येते. मग कण निघाले, पण वाईटपणा घरातच राहिला! म्हणून दोन नियम. जड कपाटं हलवायची नाहीत. आणि आदल्या दिवशी सूर्यास्ताला काम बंद, मग काहीही राहिलेलं असो. प्रत्येक खोलीला एकेक माणूस वाटून द्या, बाप्यांनाही.

भाकरीसाठी २५० ग्रॅम गव्हाचं पीठ, साधारण १२० मिलिलिटर पाणी, दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, चिमूटभर मीठ. तीन-चार मिनिटं मळून लगेच दोन मिलिमीटर जाडीची लाटायची, काट्याने सगळीकडे टोचायची, २२० अंश सेल्सिअसला तापवलेल्या ओव्हनमध्ये आठ ते दहा मिनिटं. कणीक झाकून ठेवून द्यायची सवय असते, ती इथे मोडावी. पिठात नैसर्गिक यीस्ट असतंच, ओल्या कणकेत ते कामाला लागतं. म्हणूनच यहुदी नियमात पाणी लागल्यापासून भाजेपर्यंत अठरा मिनिटांची मर्यादा आहे. टोचली नाही तर वाफेने फुगे येतात. जाड राहिली तर मोडताना ताणली जाते, तुटत नाही. ती मोडताना आवाज यायला हवा, त्या शांततेत तो आवाज सगळ्यांना ऐकू जातो. मळताना बोलू नका, स्तोत्र म्हणा.

उंबरठा

मनापासून आभार. तीन बैठकांचं आजच सगळ्यांना सांगते. आणखी दोन शंका. समोरचा माणूस बोलायलाच तयार नसेल तर दुसऱ्या बैठकीचं काय? आणि पाय धुणं घरात कसं करावं? मोठी माणसं संकोचतात.

एजोबाची_जुडी

ताई, मत्तय ५:२३-२४ मध्ये जायला सांगितलंय ते ज्याच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे त्याच्याकडे. आणि रोम १२:१८ मध्ये मर्यादा घालून दिलीय: शक्य असेल तर, आपल्याकडून होईल तितकं. तो दार उघडेल की नाही हे आपल्या हातात नाही.

बोलणं होत नसेल तर दोन-तीन ओळी लिहून पाठवा. "त्या दिवशी सगळ्यांसमोर मी तुला खोटं पाडलं. ते चुकीचं होतं. मला क्षमा कर." बस. त्यात "पण" आला की माफीनाम्याचा खटला होतो. "तुला वाईट वाटलं असेल तर" हेही नको. वाईट वाटलंच आहे. सणाचा उल्लेख नको, नाहीतर आपल्या विधीसाठी त्याला वापरल्यासारखं होतं. उत्तर मागू नका, आठवण करू नका.

दोन ठिकाणी मात्र जाऊ नका. ज्याला ठाऊकच नाही त्याला "मी मनातून तुझा द्वेष करत होतो" असं सांगायला जाऊ नका. ते देवाजवळ कबूल करा, त्याच्या डोक्यावर ओतू नका. आणि ज्याने मारहाण किंवा अत्याचार केलाय त्याच्याकडे एकट्याने जाणं शास्त्र मागत नाही. क्षमा मनात करता येते, भेट आवश्यक नाही. मंडळीतल्या विश्वासू वडीलधाऱ्यांना सोबत घ्या, आणि गरज असेल तिथे कायद्याची मदतही.

हे सगळं करूनही समोरून काहीच आलं नाही, तरी तुम्ही मेजाला बसायचं.

कणीक_आणि_पाणी

पाय धुण्याचं सोपं आहे, फक्त सामान आधी हाताशी हवं. एक तांब्या, एक रुंद घमेलं, स्वच्छ पाण्याची बादली, वापरलेलं पाणी ओतायला दुसरी बादली, आणि माणशी एक टॉवेल. पाय पाण्यात बुडवायचे नाहीत; घमेल्यावर धरून वरून पाणी ओतायचं, म्हणजे प्रत्येकाला स्वच्छ पाणी मिळतं. कोमट पाणी, आधी स्वतःच्या मनगटावर बघून. मधुमेह असलेल्यांना तळपायाला गरम पाणी भाजतंय हे कळत नाही, आणि त्यांची बोटांची बेचकी नीट टिपून कोरडी करायला हवी. कुणाच्या पायाला जखम असेल तर त्यांचे हात धुवा.

भाकरीच्या आधी करा, योहान १३:१-१७ वाचून. जोड्या आदल्या दिवशी ठरवा आणि आवडीने नको. ज्या दोघांत थोडं ताणलेलं आहे ते एकमेकांसमोर आले तर उत्तम. मोठ्यांनी लहानांचे धुवायचे, मग लहानांनी मोठ्यांचे. संकोच बहुतेकांना धुवायचा नसतो, धुऊन घ्यायचा असतो. पेत्रालाही तोच होता (१३:८). त्यावर भाषण देऊ नका. येशूने त्याला दोन वाक्यांत सांगितलं आणि पाय धुतले.

बाहेरचा कोट किंवा जाकीट काढून ठेवा, येशूनेही बाहेरची वस्त्रं काढून ठेवली होती. गुडघ्यांवर बसता येत नसेल त्याला ठेंगणं स्टूल द्या. सहा जणांना वीस-पंचवीस मिनिटं लागतात. भाकर त्याआधीच भाजून, फडक्याखाली झाकून ठेवलेली असू द्या, म्हणजे मधेच कुणाला उठायला लागणार नाही.